चाळीस हजारांतली पैठणी: छोटीच्या लग्नाच्या कपड्यांच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, नाशिक

बांधकामाच्या साइटवर मी रोज डायरी लिहिते. काय काम झालं, किती माल आला, किती उरला. छोटीच्या, म्हणजे धाकट्या बहिणीच्या, कपड्यांची वहीही तशीच ठेवायची ठरवली आहे, कारण लग्नाच्या खरेदीत पैसा कुठे गेला ते घरी आल्यावर कुणालाच नीट सांगता येत नाही.

लग्न २२ फेब्रुवारीला. हातात ११२ दिवस. बाबांनी कपड्यांसाठी ४०,००० रुपये वेगळे काढून ठेवलेत, एसटीतून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतले. त्यावर एक रुपयाही चढू द्यायचा नाही असं बाबा म्हणालेले नाहीत. ते मी ठरवलंय.

अष्टपुत्री मामाकडून येणार. सप्तपदीनंतरचा शालू सासरचा. आमच्याकडे राहिली हळदीची साडी, संध्याकाळच्या स्वागत समारंभाचा पोशाख, सगळे ब्लाउज, परकर, फॉल-पिको आणि चपला.

खरा प्रश्न स्वागत समारंभाचा. छोटीने दोन वर्षांपासून फोनमध्ये एक फोटो जपून ठेवलाय. पैठणीचा जांभळा लेहंगा, घेरावर काठ, ओढणीवर मोर. ती नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस रात्रपाळी. तिने स्वतःसाठी कधी काही मागितल्याचं मला आठवत नाही, म्हणून हा फोटो मी फार मनावर घेतलाय. मोठ्या डिझायनरांचे नववधूचे लेहंगे काही लाखांत जातात, तिकडे आपण फिरकायचंच नाही. पण फोटोतलं तिला नेमकं काय आवडलंय हे आधी कळायला हवं. विचारलं, तर म्हणाली, "ताई, तो रंग. हलला की बदलतो."

लेहंगा म्हणाली नाही, डिझायनर म्हणाली नाही. रंग म्हणाली. हे वहीत लिहून ठेवते.

८ नोव्हेंबर

गंगापूर रोडवर एका बुटीकमध्ये लेहंगा घालून पाहिला. पैठणीच्या काठाचा, आत कॅनकॅनचे, म्हणजे कडक जाळीचे, चार थर. रंग जवळपास तोच. किंमत ४८,०००. तयार कपडा २,५०० च्या वरचा असला की आता १८ टक्के जीएसटी, म्हणजे हातात पडेपर्यंत ५६,६४०. साडी कापडात मोडते, तिला ५ टक्केच. एवढ्याशा फरकानेसुद्धा आमच्यासारख्यांचं गणित बदलतं.

भाड्याने घेतला तर एका दिवसाचे १२,००० आणि वर अनामत. भाड्याला मी नाक मुरडत नाही. एकदाच घालायचा आणि कपाटात सात किलो अडकवून ठेवायचा, त्यापेक्षा भाडं शहाणपणाचं. छोटीनेही विचार केला. पण वीस मिनिटं उभी राहिल्यावर कमरेवर नाडीचा वळ उठला होता, आणि समारंभात चार तास उभं राहायचंय. शिवाय जवळून पाहिलं तर तो काठ मशीनवर विणून घेराला शिवलेला. मोरांच्या मागे धाग्यांची झुलपं होती, ती अस्तराखाली दडवलेली.

बाहेर आल्यावर छोटी म्हणाली, "छान होता, पण हलल्यावर बदलत नव्हता."

खर्च: शून्य.

९ नोव्हेंबर

आज चूक झाली, ती तशीच लिहिते.

मेन रोडच्या बाजूला एका दुकानात जांभळी पैठणी दाखवली, १४,००० ला. दुकानदार म्हणाला, शुद्ध रेशीम, हातमाग. मी पुरावा मागितला तर त्याने सिल्क मार्कचा होलोग्राम असलेलं लेबल दाखवलं. मला तेवढं पुरलं. २,००० रुपये ॲडव्हान्स देऊन साडी बाजूला ठेवायला सांगितली.

घरी आल्यावर आत्याला फोन केला. आत्याची सासुरवाडी येवल्याजवळची. तिने एकच विचारलं, "पदर उलटा करून पाहिलास का?" पाहिला नव्हता.

१० नोव्हेंबर

कामावरून सुटल्यावर परत दुकानात गेले आणि पदर उलटा केला. पुढून मोर, मागून कापलेल्या धाग्यांची दाढी. हातमागाच्या पैठणीत पदरावरच्या प्रत्येक रंगाची स्वतःची छोटी कांडी असते आणि शेजारचे दोन रंग जिथे भेटतात तिथे ते एकमेकांत अडकवून मागे फिरवतात. त्यामुळे मागे लोंबणारा धागाच उरत नाही, नक्षी दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखी दिसते. यंत्रावर धागा मागच्या बाजूने सगळीकडे धावत जातो आणि नंतर कापावा लागतो.

मग सिल्क मार्क खोटा होता का? नाही. इथेच माझी गफलत झाली. सिल्क मार्क रेशीम खरं आहे एवढंच सांगतो. ते कुणी विणलं, हाताने की यंत्राने, हे तो सांगत नाही. त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. खरं लेबल दाखवून भलतंच पटवलं गेलं होतं मला. ॲडव्हान्स परत मिळाला नाही, २,००० ची क्रेडिट नोट मिळाली, तीन महिन्यांची मुदत. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, भांडायची ताकद दुसऱ्या कामाला लागेल. क्रेडिट नोटेवर हळदीची साडी घेऊ.

यंत्रावरची सेमी पैठणी वाईट असते असं मी म्हणणार नाही. तीन-चार हजारांत सेमी म्हणून विकली तर तो सरळ व्यवहार आहे आणि माझ्या दोन मैत्रिणी तीच नेसून सुंदर दिसल्या. चौदा हजारांना हातमाग म्हणून विकू नये.

अडकलेले: २,०००. शिल्लक: ३८,०००.

१६ नोव्हेंबर, येवला

सकाळी सातच्या गाडीने मी, छोटी, आई आणि बाबा. बाबांनी या रस्त्यावर कित्येक वर्षं गाडी चालवली आहे, निफाड, विंचूर, येवला. खिडकीशी बसून ते प्रत्येक वळण आधी सांगत होते. आम्हा तिघींना अर्धं तिकीट, त्यामुळे चार माणसांचा प्रवासही परवडतो. निफाडच्या पुढे दोन्ही बाजूंना द्राक्षबागा हिरव्या झाल्या होत्या.

दुकानं रस्त्यावरच मोठमोठी आहेत. आत्याने सांगितलं होतं, आधी माग पाहा, मग दुकानात जा. तिच्या ओळखीच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत माणसं राहतात, मागच्या खोलीत दोन माग. विणकर काका जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसलेले, समोर ताणा, म्हणजे उभे धागे, ताठ ओढलेला, आणि पदराच्या रुंदीभर रंगीत तिल्ल्यांची, म्हणजे छोट्या कांड्यांची, रांग लागलेली. काकू शेजारी रहाटावर कांड्या भरत होत्या. रेशीम बेंगळुरूकडून येतं, जर सुरतेहून. येवल्यात येतो तो धागा, आणि बाहेर जाते ती पैठणी. नाव गोदाकाठच्या पैठणचं असलं तरी आज जास्त माग येवल्यात आणि आसपासच्या गावांत आहेत. २०१० पासून पैठणीला भौगोलिक मानांकन आहे, पण काकांच्या बोलण्यात ते एकदाही आलं नाही. त्यांच्या बोलण्यात फक्त दिवस होते.

मी नेहमीसारखं विचारलं, "काका, पैठणी केवढ्याची?"

ते म्हणाले, "ताई, किती दिवसांची हवी ते सांगा."

मग त्यांनी हिशोब मांडून दाखवला. बारीक मुनियाचा, म्हणजे पोपटांचा, काठ, अंगात थोड्या बुट्ट्या, पदर लहान, तर मागाचे पंधरा-वीस दिवस. काठ रुंद केला, अंगभर बुट्ट्या भरल्या, पदरात मोठे बांगडी मोर, म्हणजे बांगडीसारख्या गोलातले मोर, घेतले की दीड-दोन महिने. पूर्ण ब्रोकेडला त्याहूनही जास्त, आणि काही साड्या तर वर्षभर मागावरून उतरत नाहीत. रेशीम आणि जरीचा खर्च फार वर-खाली होत नाही. वाढतात ते दिवस. बांधकामात मी हेच करते, मजुरीचे दिवस काढते. तरी साडीच्या बाबतीत कधी सुचलं नव्हतं.

आमच्या ४०,००० मधून बाकीचं सगळं वजा केलं तर साडीसाठी २० हजार निघतात. म्हणजे प्रश्न असा झाला: वीस हजारांत काकांचे जेवढे दिवस येतात, ते साडीच्या कुठल्या भागावर खर्च करायचे?

छोटीला मोर मोठे हवे होते. अंगभर बुट्ट्याही हव्या होत्या. तसा आकडा २४,००० झाला. आई घासाघीस करायला लागली, "काका, वीसला द्या की." काकांनी नाही म्हटलं नाही, गप्प बसले. मला ते बरं वाटलं नाही. वीसला घासून घेतलेले चार हजार म्हणजे त्यांचे फुकटचे दिवस.

तेवढ्यात काकू रहाट थांबवून म्हणाल्या, "आतल्या बुट्ट्या काढा ना. कमरेला जे आत खोचतात आणि पहिला वेढा आत जातो, तिथे कोण बघतंय? निऱ्यांपासून पदरापर्यंत भरू." काकांनी कागदावर रेघ मारली. साडेपाच मीटर साडीत बुट्ट्या फक्त दिसणाऱ्या भागात. पदर तोच, मोर तेच. १९,५००.

इतक्या वर्षांत नकाशे वाचून मी जे शिकले ते काकूंनी एका वाक्यात सांगितलं. डिझायनर म्हणतात ती हीच. कुठे काम दिसतं आणि कुठे दिसत नाही हे जिला कळतं.

रंगाचं मात्र अडलं. छोटीने फोटो दाखवला. काका म्हणाले, एका साडीसाठी जांभळा ताणा नव्याने चढवायचा तर खर्च वाढेल. एकदा ताणा चढवला की त्यावर तीन-चार साड्या विणतात, आणि आत्ता मागावर लाल ताणा आहे. छोटीचा चेहरा उतरला. काका उठले, लाल ताण्यातून निळ्या रेशमाची कांडी घातलेला धोटा पाच-सात वेळा फिरवला आणि बोटभर पट्टी विणून दाखवली. समोरून जांभळी. मान थोडी कलती केली की लालसर. दुसरीकडून निळी.

याला धूपछाव म्हणतात. ताणा एका रंगाचा, बाणा म्हणजे आडवा धागा दुसऱ्या रंगाचा.

छोटी पट्टीसमोर डोकं डावीकडे-उजवीकडे करत किती वेळ उभी होती. बाबांनी ८,००० रुपये काढून काकांच्या हातावर ठेवले. उतरायची तारीख ३१ जानेवारी, कारण मागावर आधीच्या दोन साड्या आहेत.

प्रवास ३६५. शिल्लक: २९,६३५.

२० नोव्हेंबर

सासरहून फोन, शालू हिरवा घेतलाय. छान. ब्लाउजपीस महिनाअखेरीस पाठवतील.

२९ नोव्हेंबर

क्रेडिट नोटेवर हळदीची पिवळी कॉटन साडी घेतली, २,३५०. वर ३५० भरले. साडी चांगली आहे, त्यात काही वाद नाही.

७ डिसेंबर

आजचा दिवस ब्लाउजचा, आणि आजीच्या साडीचा.

अडचण अशी होती. पैठणीबरोबर विणलेला ब्लाउजपीस साडी उतरल्यावरच हातात येणार, म्हणजे जानेवारी संपताना. आरीचं भरतकाम करणाऱ्या ताईंना कामाला पंधरा दिवस लागतात, मग शिलाई. कुठे काही घसरलं तर लग्नाच्या आठवड्यात ब्लाउज नाही. बांधकामात अशा वेळी दोन कामं एकमेकांपासून सोडवतात. ब्लाउज दुसऱ्या कापडाचा केला तर तो आजपासून सुरू करता येईल. पण कुठल्या?

आईने पत्र्याच्या पेटीतून आजीची पैठणी काढली. हिरवी, नारळी काठाची. मी लहानपणापासून ती फक्त दिवाळीत उन्हात घातलेली पाहिली आहे. निऱ्या घडीवर फाटलेल्या, पदर जाळीसारखा झालेला, हात लावला की रेशीम तुटतं. गेल्या वर्षी दारावर जुन्या जरीच्या साड्या घेणारा माणूस आला होता. त्याला जरीतली चांदी हवी असते. त्याने बरे पैसे सांगितले होते आणि आईने दार लावून घेतलं होतं.

आता आम्ही ती पलंगावर पूर्ण पसरली आणि पाहतो तर काय, दुसऱ्या टोकाकडचा दीड मीटर भाग अगदी धडधाकट. रंग गडद, पोत घट्ट. आधी कळेना. मग आईच्या लक्षात आलं, हा कमरेला आत खोचायचा भाग. त्याला कधी ऊन लागलं नाही, कुणाचा हात लागला नाही.

कापायची की नाही यावर तासभर गेला. मी कापू नये म्हणत होते. वस्तू अखंड राहावी असं मला वाटतं. छोटी काहीच बोलत नव्हती. शेवटी आई म्हणाली, "पेटीत राहून ती आणखी दहा वर्षांत सगळीच जाईल. निदान एवढी तरी समारंभात येऊ दे." कात्री आईनेच चालवली. मी पदराचं टोक धरून बसले होते.

धडक्या भागाचा ब्लाउज होईल. काठ दोन्ही बाजूंचा जिथे शाबूत आहे तिथला उसवून शेल्याला लावू. उरलेला पदर परत पेटीत.

१३ डिसेंबर

सिडकोतल्या आरीवाल्या ताईंकडे गेलो. कॉलेज रोडवरच्या बुटीकने याच कामाचे ९,५०० सांगितले होते, ताईंनी ३,५००. त्यांच्याकडे खोलीभर लाकडी चौकट, कापड चारी बाजूंनी ताणलेलं, आणि हूकसारख्या सुईने खालून दोरा ओढत टाके. त्या अनेक बुटीकांसाठी काम करतात, म्हणजे महागातला ब्लाउजसुद्धा याच चौकटीवर होतो. मी त्यांना काकूंचं सूत्र सांगितलं. पुढचा गळा पदराखाली जातो, तिथे काही नको. पाठ आणि बाह्यांवर सगळं काम. ताई म्हणाल्या, "जुनं रेशीम आहे, मणी जड नको. मागून मलमल लावून मग टाके घालते, नाहीतर विरेल."

हे मला सुचलं नसतं. पैसे वाचवण्याच्या भरात मीच ते कापड फाडून बसले असते.

आरीचे अर्धे १,७५० दिले. शेल्यासाठी साधं रेशमी कापड १,१००. आजवर प्रवास, हळदीचे ३५० आणि हे धरून शिल्लक: २६,४३५.

२१ डिसेंबर

वाईट बातमी. काकांच्या घरी आजारपण, माग दहा दिवस बंद होता. आधीची साडी अजून उतरलेली नाही.

बाबा म्हणाले, फोन करून तगादा लाव. मी फोन केला, पण तगादा लावावासा वाटला नाही. त्यांचा आवाजच थकलेला होता. म्हटलं, "काका, मोर चारऐवजी दोन करा, दिवस वाचतील." त्यावर ते पहिल्यांदा जरा कडक बोलले. "नाही ताई. पदर ठरलाय तसाच होईल. मी रात्री बसतो."

रात्री बसू नका म्हटलं. तिल्ल्यांच्या त्या रांगेवर दिव्याच्या उजेडात नजर लावून बसायचं आणि आम्ही ती साडी नेसून मिरवायची, हे मला जमणार नाही. तारीख ७ फेब्रुवारीवर नेली. लग्नाला पंधरा दिवस उरतात. ब्लाउज वेगळा काढला होता म्हणून हे परवडलं.

छोटीला सांगितलं. रात्रपाळीला निघाली होती, दारातून म्हणाली, "आजारी कोण आहे त्यांच्याकडे? औषधाचं काही लागलं तर मला सांगायला सांग."

११ जानेवारी २०२६, येवला

मी आणि छोटी दोघीच गेलो. दुसरा हप्ता ६,००० दिला, प्रवास २४५. आरीचे उरलेले १,७५० गेल्या आठवड्यात दिले होते. शिल्लक: १८,४४०.

साडी मागावर आहे. पदर सुरू झालाय. काकांनी छोटीला मागाशेजारी बसवलं आणि एक तिल्ली तिच्या हातात दिली, हिरव्या रंगाची, मोराच्या मानेची. ताण्याचे किती धागे उचलायचे ते मोजून दाखवलं. तिने ती एकदा आरपार नेली, शेजारच्या जरीत अडकवली आणि परत फिरवली. फणीचा ठोका काकांनी मारला. मोराच्या मानेतली एक ओळ छोटीच्या हातची आहे. नर्सच्या हाताला बारीक काम जमतं, काकाही म्हणाले.

ती ओळ कुठली हे मला आता शोधूनही सापडणार नाही.

१८ जानेवारी

ब्लाउजची फिटिंग. खांद्यात अर्धा इंच सैल, बाकी ठीक. शिलाई अस्तरासकट १,२००. सासरच्या शालूचा ९०० आणि हळदीचा ६००. शिंप्याला सांगून सगळ्या ब्लाउजना आत दीड इंच माया, म्हणजे जादा कापड, ठेवली. लग्नातला ब्लाउज पाच वर्षांनी अंगात बसत नाही ही प्रत्येक घरातली रड आहे आणि तिच्यावर उपाय फक्त शिवण्याआधी करता येतो.

२५ जानेवारी

शेला शिवून झाला, ४००. नव्या कापडाला आजीचा नारळी काठ. परकर दोन, ७००. चपला १,१००, टाच कमी, कारण चार तास उभं राहायचंय. शिल्लक: १३,५४०.

७ फेब्रुवारी, येवला

साडी उतरली.

सगळे गेलो होतो, प्रवास ३६५. काकांनी पांढऱ्या चादरीवर साडी उलगडली आणि आम्ही काही पाहायच्या आत स्वतःच एका जागेवर बोट ठेवलं. निळ्या रेशमाचा एक लॉट संपून दुसरा लागला तिथे चार बोटांची पट्टी किंचित गडद आली आहे. गुडघ्याच्या आसपास येईल. सांगितलं नसतं तर मला दिसली नसती, कारण मुळात रंगच असा की दर हालचालीला बदलतो. "५०० कमी द्या," म्हणाले.

आई ते कमी करून घेईल असं मला वाटलं होतं, सोळा नोव्हेंबरला तीच घासाघीस करत होती. आईने पट्टीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "पूर्ण घ्या काका. माझ्या सासूबाईंच्या साडीतही अशी एक पट्टी आहे." उरलेले ५,५०० दिले.

मग मी पदर उलटा केला. मागे एकही धागा नाही. मोर इकडूनही मोरच. वहीत लिहिण्यासारखं आणखी बरंच होतं, पण मी तो पदर हातात धरूनच बसले.

शिल्लक: ७,६७५.

निघताना छोटीने काकूंना विचारलं, आईला नेसवता येईल असं काही आहे का. आईने लग्नासाठी स्वतःला काही घेतलेलं नव्हतं आणि आम्हा दोघींना ते तोवर लक्षातही आलं नव्हतं. कॉटनची, बारीक काठाची, मातकट गुलाबी रंगाची एक निघाली. ४,२०० ला. आई नको नको म्हणत होती आणि घडी मात्र सोडत नव्हती. शिल्लक: ३,४७५.

१५ फेब्रुवारी

फॉल-पिको चार साड्यांचं, ६००. पैठणीला फॉल हाताने लावून घेतला, मशीनची सुई काठातली जर तोडते. आईच्या ब्लाउजची शिलाई ४५०.

शिल्लक २,४२५. पाकिटात घालून बाबांना परत दिले, वही पण दाखवली. बाबांनी आकडे पाहिले नाहीत, येवल्याची पानं वाचली.

२३ फेब्रुवारी

काल लग्न झालं. संध्याकाळी छोटी पैठणी नेसून चार तास उभी होती आणि एकदाही बसते म्हणाली नाही. हॉलमध्ये पिवळे दिवे होते. फोटो काढणारा मुलगा मला म्हणाला, ताई, या साडीचा रंग प्रत्येक फोटोत वेगळा येतोय, एकसारखा करून देऊ का. मी नको म्हटलं.

८ मार्च

छोटी माहेरी आली आहे. साडी सावलीत हवेशीर टांगली, घाम पूर्ण सुकू दिला, मग मलमलच्या जुन्या धोतरात गुंडाळली. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, ओल कोंडून जर काळी पडते. डांबरगोळ्या नाहीत, कडुलिंबाचा पाला वेगळ्या पुरचुंडीत. अत्तर थेट साडीवर कधीच नाही. घडी आतून बाहेर अशी उलटी घातली, कारण एकाच घडीवर राहिली की रेशीम तिथेच तुटतं. आजीच्या निऱ्या तशाच गेल्या.

काकांचा फोन आला होता. मागावर तोच लाल ताणा आहे, आता हिरवा बाणा चाललाय.

घडी बदलायची पुढची तारीख: ८ जून.